अडुळसा : रक्त, कफ आणि श्वास

अडुळसा हे माणसाच्या उंचीचे, जागा मानवली तर त्याहूनही वाढणारे सदाहरित झुडूप आहे. कोरांटी आणि अबोली ज्या कुळातल्या, त्याच कुळातले. पाने समोरासमोर येतात. ती वीतभर लांब, भाल्याच्या पात्यासारखी, दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी आणि चवीला कडू असतात. फुले पांढरी, दोन ओठांची, खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा असलेली. ती दाट कणसात येतात आणि प्रत्येक फुलाखाली हिरवे सहपत्र असते. फुलात पुंकेसर दोनच. फळात बहुधा चार बिया धरतात, पण बियांची वाट कोणी पाहत नाही, कारण पावसाळ्यात खोचलेली फांदी सहज जीव धरते. पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, श्रीलंका ते म्यानमारपर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून सुमारे तेराशे मीटर उंचीपर्यंत हे झुडूप आढळते. लिनियसने १७५३ साली त्याला ‘जस्टिसिया अधाटोडा’ हे शास्त्रीय नाव दिले; ‘अधाटोडा वासिका’ हे नंतरचे नावही औषधांच्या बाटल्यांवर अजून छापलेले दिसते. संस्कृत ग्रंथांत वासा, वृष, आटरूषक ही त्याची नावे येतात.

महाराष्ट्रात अडुळसा अंगणाच्या कडेला, परसात, देवळाच्या आवारात आणि शेताच्या बांधावर असतो. तो तिथे असण्याचे पहिले कारण औषध हे नसून कुंपण हे आहे. पाला इतका कडू की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही ते कुंपण टिकते. औषधाला लागणारी वस्तू दाराशी आयती मिळाली, ती अशी. वनौषधी म्हटले की डोंगरदरी आणि जाणता वैदू डोळ्यांसमोर येतो. अडुळशाला त्यातले काहीच लागत नाही. घरगुती औषधांत तो इतका खोल रुजला, याचे निम्मे श्रेय त्याच्या गुणांना असेल, तर निम्मे या सोयीला द्यावे लागते.

आज अडुळसा म्हटले की खोकला आणि दमा हे दोन शब्द एकदम तोंडात येतात. जुन्या ग्रंथांत मात्र त्याची ओळख वेगळ्या दारातून होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे दहा-दहाचे पन्नास गट दिले आहेत. त्यांत खोकला कमी करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट आहे आणि श्वासावरच्या दहा द्रव्यांचा दुसरा. पहिल्यात द्राक्ष, हिरडा, आवळा, पिंपळी, रिंगणी आहेत. दुसऱ्यात पुष्करमूळ, वेलची, हिंग, तुळस आहेत. अडुळसा दोन्हींत नाही. तो ठसठशीतपणे भेटतो चिकित्सास्थानातल्या रक्तपित्ताच्या अध्यायात. नाकातून, तोंडातून किंवा शरीराच्या खालच्या मार्गांनी रक्त जाऊ लागते, त्या विकाराला आयुर्वेद रक्तपित्त म्हणतो. तिथे अडुळशाच्या काढ्यात लोध्र, प्रियंगू आणि मध घालून द्यायला सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात वासाघृत, म्हणजे अडुळशाने सिद्ध केलेले तूपही आहे.

रक्तापासून छातीकडे जाणारी वाट यातून सापडते. तोंडाने पडणारे रक्त पुष्कळदा खोकल्याबरोबर पडते. क्षयाच्या रोग्याच्या थुंकीत रक्त दिसले की पूर्वीच्या वैद्यापुढे तीन गोष्टी एकत्र उभ्या राहत: रक्तस्राव, खोकला आणि झिजत चाललेले शरीर. या तिन्हींना एकदम हात घालणारे द्रव्य म्हणून अडुळशाची कीर्ती झाली. वैद्यांच्या पिढ्यान् पिढ्या तोंडी असलेला एक श्लोक आहे. वासा उपलब्ध असताना आणि जगण्याची आशा शिल्लक असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि कासाच्या, म्हणजे खोकल्याच्या, रोग्याने खचून का जावे, असा त्याचा आशय. श्लोकात रोग मोजून तीन सांगितले आहेत आणि त्यांत श्वास, म्हणजे दमा, नाही. पुढच्या काळातल्या निघंटूंनी, म्हणजे औषधींच्या कोशांनी, अडुळशाच्या गुणांत श्वासाचाही समावेश केला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात श्वास, कास, ज्वर, वांती, क्षय अशी सलग यादीच येते. तरी अग्रक्रम कशाला होता, हे त्या श्लोकावरून कळते.

आयुर्वेदाच्या परिभाषेत अडुळसा रसाने कडू व तुरट, वीर्याने थंड आणि कफ-पित्त शमवणारा. रक्तपित्तावर तो का, याचे उत्तर त्या शास्त्राच्या आत यातच येते: पित्ताच्या उष्णतेने रक्त बिघडते, म्हणून कडू, तुरट, थंड द्रव्य. कफाच्या खोकल्यावर तो चालतो तोही कडू-तुरट असल्यामुळे. पण याच गुणांमुळे तो वाताला वाढवणारा ठरतो, आणि इथे जाणत्या वैद्याचा आणि हौशी घरगुती उपचाराचा रस्ता वेगळा होतो. कासाचे पाच प्रकार ग्रंथांत सांगितले आहेत: वाताचा, पित्ताचा, कफाचा, उरःक्षताचा आणि क्षयाचा. कोरडा, ठसक्याचा, रात्री झोपू न देणारा वाताचा खोकला असेल तर नुसता अडुळसा दिला जात नाही. द्यायचाच झाला तर तुपाची, ज्येष्ठमधाची जोड देऊन त्याचा रूक्षपणा मोडला जातो. ‘खोकला आला, अडुळसा घ्या’ हा सरसकट हिशेब शास्त्राचा नाही. तो बाटलीवरच्या लेबलाने शिकवलेला आहे.

दम्याचेही तसेच. श्वासाचे पाच प्रकार मानले आहेत आणि त्यांतला तमक श्वास आजच्या दम्याच्या सर्वांत जवळचा. धाप लागलेली, छातीत घुरघुर, आडवे झाले की जीव घाबरा होतो, उठून बसले की थोडे बरे वाटते, कफ सुटला की घटकाभर आराम पडतो, हे त्याचे वर्णन आजही कोणताही दमेकरी ओळखील. अशा रोग्यासाठी भैषज्यरत्नावलीत कनकासव दिले आहे. त्यातले मुख्य द्रव्य कनक, म्हणजे धोतरा; अडुळशाचे मूळ त्यात आहे, पण जोडीला. पिंपळी, सुंठ, रिंगणी, भारंगमूळ, ज्येष्ठमध ही मंडळीही त्याच रांगेत. आवळलेल्या श्वासनलिका सैल करण्याचे काम धोतऱ्याकडे आणि चिकटलेला कफ सोडवण्याचे काम अडुळशाकडे, अशी ही वाटणी आजच्या औषधशास्त्राच्या नजरेतून पाहिली तरी चोख वाटते. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्या गटातली अल्कलॉइडे असतात आणि ती श्वासनलिकांचे स्नायू खरोखरच सैल करतात. मद्रासकडचा धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या इंग्रज डॉक्टर-अधिकाऱ्यांमार्फत ब्रिटनला पोचला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. अडुळशाच्या वाळल्या पानांची विडी ओढण्याची रीतही भारतात होती. गेल्या शतकातल्या औषधिग्रंथांत तिची नोंद आहे. त्या विडीत कित्येकदा धोतऱ्याचे पान मिसळलेले असे आणि गुण आला तर तो धोतऱ्याचा असण्याची शक्यताच जास्त. धूर मुळात दमेकऱ्याच्या छातीला वैरीच. आणि धोतरा मात्रेबाहेर गेला तर भ्रम, तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे आणि प्रसंगी मृत्यू. ही रीत मागे पडली ते बरेच झाले.

अडुळशापासून औषध बनवताना पहिली अडचण रसाची येते. पान दिसायला हिरवेगार, पण तुळशीसारखे किंवा कोरफडीसारखे पिळले की रस देईल तर शपथ. ताजी पाने खलबत्त्यात कुटली तर चिकट, तंतुमय गोळा होतो आणि फडक्यातून जेमतेम चमचाभर रस गळतो. यावर पूर्वीच्या वैद्यांनी काढलेली युक्ती म्हणजे पुटपाक. शार्ङ्गधरसंहितेत तिची रीत दिली आहे. पानांचा कल्क वाटून त्याचा गोळा करायचा, तो वड, जांभूळ यांसारख्या झाडाच्या रुंद पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून दोन बोटे जाडीचा ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचा. माती तापून लालसर झाली की गोळा बाहेर काढायचा, कवच फोडायचे, पाने सोडायची आणि आतला वाफाळता कल्क फडक्यात घालून पिळायचा. आता रस धार धरून पडतो. तो हिरवा न राहता तपकिरी होतो आणि थंड झाल्यावर मधातून दिला जातो. आतल्या आत वाफवल्याने पानांच्या पेशी फुटतात आणि पाणी सुटते, इतकेच यातले रहस्य. पण पानातला औषधी अंश पाण्यात विरघळून वाया जाऊ न देता तो काढण्याची ही पद्धत काटकसरीची आहे. मराठी घरांत याचेच सुटसुटीत रूप चालते. पाने तव्यावर गरम करतात किंवा चाळणीवर वाफवतात, मऊ पडली की वाटून पिळतात. पिकून पिवळी पडू लागलेली पाने खोकल्याला चांगली, असे जुन्या बायका सांगत आणि झाडाखाली पडलेली पानेही वेचून ठेवत.

रस रोज काढायचा नसेल तर अवलेह, म्हणजे चाटण. भावप्रकाशातल्या वासावलेहाचे प्रमाण साधे आणि लक्षात राहणारे आहे: रस आठ भाग, खडीसाखर चार भाग, पिंपळी एक, तूप एक, आणि पाक उतरवून पूर्ण गार झाल्यावर मध चार भाग. मध गरम पाकात घालायचा नाही, हा दंडक सगळीकडे पाळला जातो. यातले एकही द्रव्य नुसते चवीसाठी घातलेले नाही. साखर आणि मध घशाला ओलावा देतात, तूप अडुळशाचा रूक्षपणा मारते आणि पिंपळी त्याच्या थंडपणाला तोलून धरते. आसव-अरिष्टांत रस किंवा काढा धायटीची फुले घालून आंबवतात, त्यामुळे औषध वर्षभर टिकते. तूप, अवलेह, आसव, काढा, रस, एवढ्या रूपांत हे एकच पान वापरले गेले, यावरून त्याचा खप किती असेल ते उमगते.

घरगुती काढ्याला ठरीव कृती नाही. चार-पाच पाने, सुंठेचा तुकडा, दोन मिरी, ज्येष्ठमधाची कांडी, बेहड्याचे साल, तुळशीची पाने, गवती चहा, गूळ किंवा खडीसाखर. चार कप पाणी आटवून एक कप करायचे आणि कोमट असताना घोट घोट घ्यायचे. कडूपणा झाकायला किती गूळ घालावा यावर घरोघर मतभेद. सितोपलादी चूर्ण अडुळशाच्या रसात कालवून चाटवण्याची रीतही महाराष्ट्रात पुष्कळ आहे. छातीपलीकडेही या पाल्याचा उपयोग होतो. खरजेवर पाल्याच्या काढ्याने अंघोळ, सुजलेल्या सांध्यावर गरम पानांचा शेक, तापात गुळवेलीबरोबर काढा. अष्टांगहृदयात पांडू आणि काविळीसाठी अडुळसा, गुळवेल, त्रिफळा, कुटकी, किराईत आणि कडुलिंब यांचा जो काढा सांगितला आहे, तो केरळात वासागुडूच्यादी कषाय या नावाने आजही रोजच्या वापरात आहे. केरळाचे आणखी एक वेगळेपण असे की तिथले वैद्य मोठ्या पानाच्या अडुळशापेक्षा बेडोमी ही लहान पानांची जात अधिक गुणाची मानतात. दोन्हींचे नाव व्यवहारात एकच, त्यामुळे खरेदी-विक्रीत गोंधळ होतो तो होतोच.

एकोणिसाव्या शतकात हे घरगुती ज्ञान छापील पुस्तकांत उतरू लागले. मुंबईत सरकारी नोकरीत असलेले विल्यम डिमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर ग्रंथ लिहिला. पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’चे तीन खंड १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केले. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ आणि नंतर डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ या ग्रंथांनी वैद्यांचे आणि वाचकांचे दोन्ही हात भरले. देसाई स्वतः ॲलोपॅथीचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे त्यांच्या लेखनात वनस्पतीच्या क्रियेकडे पाहण्याची नजर वेगळी आहे. मराठी वैद्यकीय लेखनात तो ग्रंथ अजून जुना झालेला नाही. औषध वैद्याच्या घरातल्या खलातून कारखान्यात जाण्याची प्रक्रियाही याच सुमाराची. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ मधला. एकदा बाटली आली की प्रमाण एकसारखे झाले, टिकाऊपणा आला, आणि रोगी न पाहता औषध देण्याची सोयही आली.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पहिले महत्त्वाचे नाव डेव्हिड हूपर यांचे. उटकमंडला मद्रास सरकारचे क्विनाइनचे रसायनतज्ज्ञ म्हणून ते काम करत होते. १८८८ साली त्यांनी अडुळशाच्या पानांत एक अल्कलॉइड असल्याचे दाखवले आणि त्याला ‘वासिसिन’ नाव दिले. त्यांचे लक्ष माणसाच्या खोकल्याइतकेच भातशेतीकडेही होते. वनस्पतितज्ज्ञ जॉर्ज वॅट यांनी नोंदवले होते की सतलजच्या खोऱ्यात भातासाठी पाणी भरलेल्या खाचरात शेतकरी अडुळशाचा पाला पसरतात. तो खत होतो आणि पाण्यातले तण मारतो. हा पाला शेवाळाला, किड्यांना, बेडकांना मानवत नाही, आणि माणसाला मात्र औषध होतो, या विरोधाभासाचे उत्तर त्या अल्कलॉइडात शोधले गेले. सेन आणि घोष यांनी १९२४ मध्ये वासिसिन स्फटिकरूपात शुद्ध केले. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच्या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्वासनलिका सौम्य प्रमाणात पण टिकून राहील इतक्या सैल होतात, असे त्यांना आढळले. हरमल या वाळवंटी वनस्पतीतले पेगॅनिन आणि वासिसिन एकच, हे १९३० च्या दशकात सिद्ध झाले.

१९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमीन आणि मेहता यांचा छोटा निबंध आला. अडुळशातून त्यांनी ‘वासिसिनोन’ हे दुसरे अल्कलॉइड वेगळे केले होते आणि ते श्वासनलिका रुंदावते असे म्हटले होते. वासिसिन हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन वासिसिनोनमध्ये बदलते, म्हणजे ताज्या पानात आणि साठवलेल्या वाळक्या पानात दोहोंचे प्रमाण वेगळे असणार. पुढच्या प्रयोगांनी चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. प्राण्याच्या शरीराबाहेर काढलेल्या श्वासनलिकेवर वासिसिनोन तिला रुंदावते, पण जिवंत प्राण्यात काही प्रयोगांत ते उलट आकुंचन घडवते, आणि दोन्ही अल्कलॉइडे एकत्र दिली की परिणाम पुन्हा रुंदावण्याकडे झुकतो. पानातून एक घटक बाजूला काढून त्याच्यावर सगळ्या औषधाचा गुण चढवणे किती धोक्याचे, हे यातून दिसते. पण म्हणून ‘संपूर्ण पान नेहमीच श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनाही यात आधार नाही. प्राण्यांवरचे हे प्रयोग आहेत आणि त्यांची ताकद तेवढीच.

वासिसिनची सर्वांत दूरवर गेलेली संतती जर्मनीत जन्मली. त्याच्या रेणूचा आराखडा समोर ठेवून तिथल्या रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवले आणि १९६३ साली ते बाजारात आले. ते शरीरात गेल्यावर तयार होणाऱ्या पदार्थांपैकी ॲम्ब्रॉक्सॉल हे पुढे स्वतंत्र औषध झाले. दोन्ही औषधे श्वासनलिकेतला घट्ट, चिकट कफ पातळ करतात, म्हणजे तो खोकून बाहेर टाकणे सोपे होते. आज औषधाच्या दुकानातून ओल्या खोकल्याचे म्हणून मिळणाऱ्या कितीतरी सिरपांच्या लेबलावर ही दोन नावे सापडतात, आणि तीच बाटली घेणाऱ्याच्या परसात अडुळसा उभा असतो, ही गोष्ट त्याला ठाऊक असतेच असे नाही. संशोधकांनी अडुळशातून उचलला तो गुण कफ सोडवण्याचा होता, दमा मोडण्याचा नव्हे. कनकासवात जी वाटणी दिसली, तीच प्रयोगशाळेतही कायम राहिली.

क्षयाबद्दलचा जुना दावाही तपासून पाहिला गेला. ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रॉक्सॉल काचेच्या नळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. नळीतला हा गुण रोग्यातल्या क्षयावर उपाय ठरत नाही. क्षय बरा होतो तो अनेक प्रतिजैविके कित्येक महिने नेमाने घेतल्यानेच. वैद्याकडे दुसरे काही नव्हते त्या काळी थुंकीतले रक्त थांबवणारा अडुळसा मोठाच आधार होता. आज थुंकीत रक्त दिसले तर अडुळशाचा काढा उकळत बसण्याऐवजी थुंकी तपासून घेणे हे पहिले काम आहे. दम्याचा झटका आला असता काढ्यावर विसंबणे तर जिवावर बेतू शकते. झटक्यात श्वासनलिका मिनिटांत सैल व्हाव्या लागतात, आणि ते काम इनहेलरच करू शकतो.

अडुळशाचा एक गुण मात्र जुन्या ग्रंथांनी आणि प्रयोगशाळेने सारख्याच ठामपणे सांगितला आहे. सुलभ प्रसूतीसाठी नाभीवर आणि ओटीपोटावर अडुळशाच्या मुळाचा लेप देण्याचे योग आयुर्वेदात आहेत. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात झालेल्या कामातून वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते हे स्पष्ट झाले आणि तिथले प्रमुख सी. के. अटल यांनी १९८० साली त्यावर स्वतंत्र प्रबंधिका प्रसिद्ध केली. तेव्हा जी गोष्ट प्रसूतीच्या वेळी उपयोगाची, तीच गरोदरपणात घातक. खोकल्यासाठी गरोदर स्त्रीला अडुळशाचा काढा किंवा सिरप देऊ नये, हा नियम आता आधुनिक आणि आयुर्वेदीय दोन्ही बाजूंचे जाणकार पाळतात. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला’ या समजुतीला याहून थेट उत्तर नसावे. मात्रा जास्त झाली तर उलट्या आणि जुलाब होतात, हा अनुभव तर जुनाच. बाजारातल्या सिरपांत साखर भरपूर असते, मधुमेही माणसाने लेबल वाचलेले बरे.

लेबलावर विश्वास ठेवण्याआधी पाल्याचाही विचार करायला हवा. वाळलेला अडुळसा ओळखणे अवघड, म्हणून त्यात महारुखाची पाने मिसळून विकण्याची लबाडी जुनी आहे आणि औषधिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तिची नोंद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरक लपत नाही. अडुळशाच्या पानातल्या पेशींत कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट खडे, म्हणजे सिस्टोलिथ, दिसतात. ते या कुळाचे लक्षण आहे आणि महारुखात ते नसतात. त्यापुढची पायरी म्हणजे वासिसिनचे प्रमाण मोजणे. जमीन, ऋतू, पानाचे वय आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार ते कितीतरी बदलते. पाला उन्हात टाकला तर रंग उडतो. सावलीत, हवा खेळती ठेवून वाळवलेला पाला हिरवट राहतो आणि खरेदीदार तोच पसंत करतो.

लागवड अवघड नाही. तीन-चार डोळ्यांच्या, अंगठ्याहून बारीक, जून फांद्या पावसाच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर किंवा पिशवीत लावतात. महिना-दोन महिन्यांत मुळे धरली की तीन-तीन फुटांवर हलवतात. पाण्याचा ताण झाड सोसते, जनावरांचा उपद्रव नाही, फवारणीची फारशी गरज नाही. दुसऱ्या वर्षापासून पाल्याची छाटणी सुरू होते आणि मग कित्येक वर्षे तेच झाड फुटत राहते. मूळ औषधात वापरले जाते म्हणून झाड उपटण्याचा मोह होतो, पण बहुतेक औषधांना पाला पुरतो आणि पाला छाटून झाड राहते. बांगलादेशात रस्त्याच्या कडेला, पडीक पट्ट्यांत अडुळसा लावून गावातल्या बायका वाळलेला पाला औषध कंपन्यांना विकतात. आपल्याकडे तो बहुतांशी कुंपणातल्या आणि आपोआप उगवलेल्या झाडांवरूनच गोळा होतो, आणि कुंपणे तारांची होत चालल्यामुळे पाला गोळा करणाऱ्यांना दर वर्षी थोडे लांब जावे लागते.